येतो, बघतो, जातो

मासा गळाला लागत नाही, हे दुःख फार जुनं. माझ्या लहानपणी मालवणात आमचे काका दिवसभर गळ टाकून बसायचे आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने येऊन "आज दर्यात मासोच नाय" म्हणून मोकळे व्हायचे. ते खोटं पाडायला दर्यात कोण उतरणार? मिनेसोटात ही सोय उरलेली नाही. इथे गोठलेल्या तळ्यावर मासे पकडायला बसणारा माणूस बर्फाला पाडलेल्या भोकात सोनार (दागिने घडवणारा नव्हे, आवाजाच्या पडसादावरून मासा हुडकणारं यंत्र) सोडतो, आणि मासा आहे, चांगला जाडजूड आहे, तुमच्या गळापासून वीतभर लांब आहे, हे तो सोनार चारचौघांत सांगतो.

मला या फंदात पाडलं शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी. मिनियापोलिसच्या उत्तरेला मिल लॅक्स नावाचं तळं आहे. तळं म्हणायचं आपलं, पसारा पाचशे चौरस किलोमीटरच्या वर. जानेवारीत त्यावर वस्तीच उठते. चार इंच चांगला टणक बर्फ असला की पायी चालायला हरकत नाही, असं इथलं सरकारी खातं सांगतं. आम्ही गेलो तेव्हा लोकांचे पिकअप ट्रक ऐन तळ्यात उभे होते, तरी मी पाऊल जपूनच टाकत होतो. ट्रकांना पेलणारा बर्फ माझ्याच वेळी विचार बदलणार, अशी मला खात्री होती.

ऑगरने, म्हणजे बर्फाच्या गिरमिटाने, भोक पाडलं, झाऱ्याने बर्फाचा चुरा काढला (अख्ख्या सामानात ओळखीचं हत्यार हे एकच) आणि शेजाऱ्यांनी माझ्यापुढे फ्लॅशर, म्हणजे तोच सोनार, ठेवला. ही गोल तबकडी. तिची वायर पाण्यात, टोकाला ट्रान्सड्यूसर. तो खाली आवाज सोडतो आणि परत आलेला पडसाद ऐकतो. गार पाण्यात आवाज सेकंदाला १,४०० मीटर धावतो, म्हणजे नऊ मीटर खोल तळाला आपटून परत यायला सेकंदाचा ७०वा भागही लागत नाही. क्षीण पडसाद हिरवा, मध्यम नारिंगी, जोरदार लाल. तळ म्हणजे लाल जाड पट्टा, माझा गळ म्हणजे एक बारीक रेघ, आणि या दोघांच्या मध्ये जे काही उगवेल तो मासा.

सोपं वाटतं ना? गेनचं, म्हणजे पडसाद किती बारकाईने ऐकायचा याचं, बटण जास्त फिरवलं तर पाण्यातला कचराही मासा होतो, कमी फिरवलं तर मासाही नाहीसा होतो. शेजारच्या तंबूतला सोनार चालू झाला की आपल्या तबकडीवर दिवाळी. शिवाय आवाज खाली जाताना पसरत जातो. वीस अंशांचा झोत नऊ मीटरवर तीन मीटर रुंद होतो, त्यामुळे कडेला तळाशी चिकटलेला मासा तळाच्याच लालीत दडून जातो. हे सगळं उणे वीस तापमानात, हातमोजे काढून. पाणी ४ अंशांना सर्वांत जड, म्हणून त्यातल्या त्यात ऊब तळाशी. म्हणजे त्या जागी थंडीने कुडकुडणारा जीव एकच, आणि त्याच्याकडे मासेमारीचं लायसन्स होतं.

आणि मग मासा आला. तळातून हिरवी रेघ सुटली, नारिंगी झाली, लाल झाली, माझ्या गळाला येऊन भिडली. श्वास रोखून मी गळ किंचित हलवला. रेघ थांबली. थांबली ती थांबलीच. मग सावकाश तळाशी गेली.

साडीच्या दुकानात गादीवर बसणाऱ्या माणसाचं दुःख मला त्या दिवशी कळलं. गुलाबी जिग (गळाचं रंगीत आमिष) दाखवला, गिऱ्हाईक आलं, बघून गेलं. हिरवा काढला, परत आलं, जरा जास्त वेळ बघितलं. अंधारात चमकणारा काढला, त्यावर मिनो, म्हणजे आमिषाचा जिवंत बारका मासा, लावून दाखवला. "आणखी काय आहे?" अशा थाटात रेघ वर आली आणि काहीही न घेता निघून गेली. तबकडी नसती तर मीही काकांसारखा म्हणालो असतो, मासेच नाहीत. आता काय म्हणणार? होते, आणि त्यांनी मला बघून नकार दिला.

"वॉलाय संध्याकाळी घेतो," शेजारी म्हणाले. वॉलाय या माशाचे डोळे अंधुक उजेडातच तेज, म्हणून तो सूर्य कलला की चरायला निघतो. म्हणजे थंडी वाढायला लागते नेमकी तेव्हा. आम्ही थांबलो. मी भोकावर धरलेली साय झाऱ्याने काढत राहिलो, रेघा येत राहिल्या, जात राहिल्या. शेवटी एक पर्च मासा मिळाला, तळहाताएवढा. तो शेजाऱ्यांना मिळाला, तेही ते थर्मासमधून कॉफी ओतत असताना.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "मिळाला?"

"दिसला," मी म्हटलं.

"मग भात दिसण्यापुरताच लावते," ती म्हणाली.

शेजाऱ्यांना माझी कीव आली असावी. त्यांनी आता पाण्यात सोडायचा कॅमेरा मागवलाय. म्हणजे इथून पुढे मासा नाही म्हणतो तेव्हा त्याचं तोंड कसं होतं, तेही दिसणार. येत्या शनिवारी मला घरी फार काम आहे, असं मी त्यांना कळवलं. त्यावर ते दारात येऊन बुटांचा जोड ठेवून गेले, एक नंबर मोठा, आत दोन मोजे मावावेत म्हणून.