एक चहा, चार उमेदवार

भावी नगरसेवक साहेब, बॅनरवर तुमच्या नावाआधी ‘भावी’ लागलं त्याच दिवशी हे सांगायला हवं होतं. असो. प्रचार कसा करायचा हे तुम्हाला शिकवायची गरज नाही. तो तुमच्या रक्तात आहे, आणि थोडाफार मेव्हण्याच्या जेसीबीत. शिकायचा असतो तो हिशेब.

आधी प्रचारखर्चाच्या मर्यादा पाठ करा. राज्य निवडणूक आयोगाने २०२५ मध्ये आकडे वाढवून दिलेत. छत्रपती संभाजीनगरात महापालिकेला उभे असाल तर ११ लाख. नांदेड, लातूर, परभणी आणि २०२३ मध्ये महापालिका झालेलं जालना, इथे ९ लाख. ‘ब’ वर्ग नगरपरिषदेत सदस्याला साडेतीन लाख, थेट नगराध्यक्षाला सव्वाअकरा लाख. आकडे वाचून तुम्हाला हसू फुटलं असेल. एवढ्यात तर बायपासवरच्या ढाब्याची मागची उधारीही फिटत नाही! हसा, पण घरात बसून. बाहेर गंभीर चेहऱ्याने म्हणायचं, “गरिबाला कुठं परवडतंय हो एवढं?”

आता खर्चाचं मीटर कधी सुरू होतं ते बघा. अर्ज भरला की. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत जे होतं ते समाजकार्य. तुळजापूर-अक्कलकोट-पंढरपूरची यात्रा, वॉर्डातल्या बायाबापड्यांसाठी पैठणीचा खेळ, टेनिस बॉल चषक, दिवाळीचा रवा-साखर-तेल, हे सगळं अंतःकरणातून आलेलं असतं आणि अंतःकरणाचं बिल लागत नाही. अर्ज भरला की मात्र एकदम गरीब व्हा. शपथपत्रात गाडी पत्नीच्या नावावर, घर आईच्या नावावर आणि सोनं वडिलोपार्जित. (कर्ज तेवढं स्वतःच्या नावावर असू द्या, मतदारांना आपलेपणा वाटतो.)

खरी गंमत एकत्रित प्रचारात आहे. महापालिकेत एका प्रभागात बहुधा चार उमेदवार, म्हणजे पॅनल आलंच. एक पत्रक, एक भोंग्याची रिक्षा, एक कोपरा सभा आणि चार फोटो. नियमाची भावना अशी, की एकत्र प्रचार केला तर ज्याच्या त्याच्या वाट्याचा खर्च ज्याच्या त्याच्या नावावर पडावा. भावना उत्तम आहे. आपण तिचा पुरेपूर उपयोग करू.

समजा सभा झाली. मंडपवाला रात्री साडेअकराला खुर्च्या उचलता उचलता विचारतो, “भाऊ, बिल कुणाच्या नावानं फाडू?” नवखा उमेदवार इथेच फसतो आणि खिशात हात घालतो. तुम्ही म्हणायचं, “चौघांच्या.” मग खुर्च्या भागिले चार, सतरंज्या भागिले चार, माईक भागिले चार. चहा तर असा वाटायचा, की एकेका उमेदवाराच्या वाट्याला नुसती बशी यावी. सातशे खुर्च्यांचे दोनशे होणं हा भागाकार नसून दृष्टिदोष आहे. तो मंडपवाल्याचा, तुमचा नव्हे. त्याला पुढच्या पाच वर्षांत पालिकेच्या कार्यक्रमांचे मंडप टाकायचे असतात, त्यामुळे चष्मा तो स्वतःच्या खर्चाने बदलत नाही.

पॅनलमध्ये एक तरी जण असा असतोच, की ज्याच्या खिशात दमडी नाही पण मर्यादा मात्र पूर्ण ९ लाखांची आहे. राखीव जागेवर ऐनवेळी शोधून आणलेली एखादी ताई, नाहीतर कार्यकर्त्याची आई. तिची मर्यादा म्हणजे पडीक रान, तुमचा जास्तीचा खर्च तिथं पेरून द्या. सही कुठं करायची तेवढं तिला दाखवा, आकडे दाखवून जिवाला घोर लावू नका. चौघांचे मिळून ३६ लाख होतात, आणि त्यातले स्वतःसाठी किती हे ठरवणारा माणूस त्या चौघांत बहुतेक वेळा एकच असतो.

त्यातूनही भागलं नाही, तर अपक्ष उभा करा. त्याचं चिन्ह कुणाला आठवत नाही, पण त्याच्या नावावर वाहनांचे परवाने निघतात. गाडी त्याची, डिझेल त्याचं, आत बसलेली पोरं तुमची. मोठा नेता येणार असला तर हेलिकॉप्टर पक्षाच्या खात्यात उतरतं, खालचा मंडप तेवढा तुमचा. तोही भागिले चार, हे आता सांगायला नको.

दरपत्रकाची भीती बाळगू नका. चहा, पोहे, खुर्ची, फेटा, सगळ्यांचे दर प्रशासनाने ठरवून दिलेले असतात. त्या दराने पोहे कुठं मिळतात हे विचारत बसू नका, त्याच दराने लिहा. क्रेनला टांगलेला हार आणि जेसीबीच्या बकेटातून उधळलेला झेंडू ही कार्यकर्त्यांची उत्स्फूर्त भावना असते. व्हिडिओ पथकाने विचारलं तर सांगा, “म्या तर नको म्हणलो होतो, पण पोरं ऐकत न्हाईत.”

राहिली मतदानाच्या आदल्या रात्रीची पाकिटं. तो खर्च नाही, गुन्हा आहे. म्हणूनच खर्चाच्या नमुन्यात त्याला रकाना नाही. आणि ज्याला रकाना नाही ते मर्यादेत कसं मोजणार? कायद्याची एवढी बारीक जाण असलेला समाज दुसरीकडे सापडणार नाही.

हिशेब रोजच्या रोज द्या. फार कमी दाखवाल तर संशय येतो, काठापर्यंत नेलात तर पुढच्याला तक्रारीची संधी. मध्येच कुठंतरी शोभेल असा आकडा धरा आणि शेवटी सुटे पैसे लावा. बावीस रुपये पन्नास पैशांपुढे कुठल्याही निरीक्षकाची मान तुकते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, निकालानंतर ३० दिवसांत अंतिम हिशेब दाखल करा. खर्च किती केला यावर घरी गेलेला माणूस तुम्हाला सहसा दिसणार नाही. कागद वेळेत न दिल्याने घरी गेलेले मात्र गावोगाव सापडतील.

आपल्याकडच्या ग्रामपंचायतीचंच बघा. राखीव जागा, दुसरा अर्जच नाही, बाई बिनविरोध सदस्य झाली. खर्च शून्य. पण शून्याचाही हिशेब द्यावा लागतो, हे सांगायला कुणी गेलं नाही, आणि गेलं असतं तरी ती सापडली नसती. ऊसतोडीची उचल घेतलेली, कोयता चाललेला, बिऱ्हाड कुठल्यातरी साखर कारखान्याच्या फडावर. नोटीस इकडे कुलूप लावलेल्या दाराला चिकटते. ग्रामपंचायतीला हिशेब चुकला की अपात्रता पाच वर्षांची.

तुम्ही हळहळत बसू नका, कामाला लागा. जागा रिकामी झाली की पोटनिवडणूक लागते. वहिनींचं जात पडताळणी प्रमाणपत्र आत्ताच काढून घ्या, बँकेत वेगळं खातं उघडा, आणि सीएला फोन करून ठेवा. मंडपवाला तर आपलाच आहे.