सही ठोकायची आन् पेढे खायचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

दिवाळीच्या खव्यावर लिहिलेल्या माझ्या लेखाखाली ‘खरं बोलू भाऊ’ या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: नगरपरिषदेचे अन्न निरीक्षक वर्षभर झोपतात आणि दिवाळीत उठतात, रिपोर्ट येईपर्यंत मिठाई लोकांच्या पोटात गेलेली असते, मोठ्या तेलवाल्याला हे लोक हात लावत नाहीत, ठेलेवाल्याला बरोबर धरतात. आणि शेवटी हे वाक्य: ‘नमुना घ्यायला काय अक्कल लागते साहेब? बाटली भरायची, लाख लावायची, सही ठोकायची आन् घरी जाऊन पेढे खायचे.’

उत्तर देऊ नका, असं घरच्यांचं मत पडलं. पण मला राहवलं नाही.

टीकेचं मला वावडं नाही, सरकारी नोकरीत माणूस टीका खाऊनच निब्बर होतो. दिवाळीच्या तोंडावर आमच्या गाड्या जास्त फिरतात आणि पेपरात फोटो तेव्हाच जास्त येतात, हेही मान्य. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण वयाने मोठ्या माणसाशी बोलायची एक रीत असते. ‘पेढे खायचे’ म्हणजे काय, हे न कळण्याइतका मी भोळा नाही, आणि तुम्हीही ते भोळेपणाने लिहिलेलं नाही.

आधी एक दुरुस्ती. मी नगरपरिषदेचा कधीच नव्हतो. नगरपरिषदेत स्वच्छता निरीक्षक असतो. नाल्या, कचरा, मटण मार्केट ही त्याची कामं. अन्नाचा कायदेशीर नमुना काढायचा अधिकार अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचा, आणि आपल्या राज्यात तो अन्न व औषध प्रशासनाचा माणूस. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, अंमल ५ ऑगस्ट २०११ पासून. त्याआधी १९५४ चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा होता आणि आम्हाला अन्न निरीक्षक म्हणत. मी दोन्हींत नोकरी केली. शिव्या ज्याला द्यायच्या त्याचं खातं तरी माहीत करून घ्या.

आता तुमची बाटली. पहाटे एखाद्या गावातल्या दूध संकलन केंद्रावर उभे राहा आणि भरून दाखवा. कॅनमधलं दूध आधी तळापासून ढवळावं लागतं. वरवरचं घेतलं तर साय जास्त येते, तळातलं घेतलं तर कमी. गाईच्या दुधाला ३.२ टक्के स्निग्धांश आणि ८.३ टक्के एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ) लागतं. म्हणजे ढवळण्यात आळस केला की चांगलं दूध नापास आणि पाणी घातलेलं पास. त्याच्याही आधी विक्रेत्याला फॉर्म ५ए ची, म्हणजे नमुना घेत असल्याची, नोटीस द्यायची. नमुन्याची किंमत बाजारभावाने मोजायची, पावती घ्यायची. हो, पैसे देऊन. फुकटात काही उचलायचं नसतं, पेढासुद्धा नाही.

मग नमुन्याचे चार भाग. जुन्या कायद्यात तीन होते. चारही बाटल्या कोरड्या हव्यात, आत ओलावा राहिला तर तेच पाणी रिपोर्टात दिसणार. दुधात फॉर्मॅलिन टाकायचं, २५ मिलिलिटरला दोन थेंब, नाहीतर नागपूरच्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत त्याचं दही झालेलं असतं. झाकण, लेबल, वरून जाड कागद, कागदाची टोकं दुमडून चिकटवायची. त्यावर पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या, म्हणजे आमच्या वरच्या साहेबाच्या, सहीची, कोड नंबरची चिठ्ठी खालून वर फिरवून लावायची. विक्रेत्याची सही अशी घ्यायची की अर्धी चिठ्ठीवर आणि अर्धी कागदावर पडेल. अंगठा असेल तर अंगठाही तसाच. मग दोरा, आणि मग तुमची ती लाख.

लाख मेणबत्तीवर वितळते. वारा असला तर मेणबत्ती टिकत नाही, आडोसा केला तर बोटं भाजतात. एक सील वर, एक खाली, दोन अंगावर, आणि दोऱ्याच्या गाठी लाखेत बुडाल्या पाहिजेत. पितळी सील ओलं केलं नाही तर ते लाखेसकट उचलून येतं आणि ठसा फाटतो, की पुन्हा पहिल्यापासून. हे चार बाटल्यांना. पलीकडे दूधवाल्याचे चुलतभाऊ जमलेले, कोणी मोबाईलवर शूटिंग करतोय, कोणी जातीवरून बोलतोय. पंच व्हायला गावातला एकही माणूस तयार होत नाही, कारण सगळ्यांचं दूध त्याच केंद्रावर जातं. मागच्या आठवड्यात ज्यांनी फोन करून ‘साहेब, दुधात पाणी आहे’ असं सांगितलं, ते त्या दिवशी वावरात निघून गेलेले असतात. फॉर्म ६, म्हणजे विश्लेषकाला नमुन्यासोबत जाणारं पत्र, आणि सीलचा नमुना ठसा वेगळ्या पाकिटात पाठवायचा. तो बाटलीवरच्या ठशाशी जुळला नाही तर पुढे वकील पहिला प्रश्न तिथेच विचारतो. तुम्ही विचारता, अक्कल कायले लागते?

गडचिरोलीत होतो तेव्हाचं सांगतो. सिरोंचा तालुका जिल्ह्याच्या ठिकाणाहून दोनशे किलोमीटरच्या वर. तिथे नमुना काढला की तो घेऊन परत यायचं, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला तर बर्फाच्या डब्यासकट रस्त्यात बसून राहायचं. ‘वर्षभर झोपतात’ या आरोपाचं हेही एक उत्तर आहे.

ठेलेवाल्याचं दुःख मला शिकवू नका. माझे वडील आर्णीला आलुबोंड्याचा ठेला लावायचे. कढईतलं तेल कधी बदलायचं यावरून आईशी त्यांचं रोज वाजायचं, कारण तेल बदललं तर त्या दिवसाचा नफा गेला. आमच्या ठेल्यावरही निरीक्षक आलेला मी पाहिला आहे, आणि त्याच्याकडे वडील कसे बघत होते तेही पाहिलं आहे. पुढे नोकरीत कुठल्याही हॉटेलात शिरताना ती नजर माझ्या डोक्यात असायची. त्यामुळे गरिबाचा कैवार घेऊन माझ्याशी बोलताना जरा जपून.

रिपोर्ट उशिरा येतात म्हणता. कायद्याने अन्न विश्लेषकाला १४ दिवस दिले आहेत, आणि रिपोर्ट विरोधात गेला तर विक्रेत्याला अपिलाला ३० दिवस. तेवढ्यात दिवाळी संपते, हे खरं. कायदा मी केलेला नाही. दंड किती करायचा हेही निरीक्षक ठरवत नाही, ते न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे जातं. कमी दर्जाच्या मालाला पाच लाखांपर्यंतची तरतूद आहे, पुढचं ज्याचं त्याला विचारा. मोठ्या तेलवाल्याबद्दल इतकं बोलता तर त्याचं नाव, पत्ता आणि बॅच नंबर घालून लेखी तक्रार करा. टोपणनावाने नको, तिथे खरं नाव लागतं.

आणि तुमच्या ओळखीच्या ज्या ठेलेवाल्यासाठी एवढा जीव तुटतो, त्याची नोंदणी झाली आहे का ते आधी बघा. फॉसकॉस या अन्न परवान्याच्या सरकारी पोर्टलवर मोबाईलवरून होते. त्याला जमत नसेल तर तुम्ही भरून द्या. प्रतिक्रिया टाईप करायला लागला त्याहून कमी वेळ लागेल.