गर्दी पांगवू नका, वाट बांधा

सुट्ट्यांचा हंगाम आला की राष्ट्रीय उद्यानांतल्या गर्दीवर एक उपाय हमखास सुचवला जातो: लोकांना कमी वर्दळीच्या भागांकडे वळवा. ऐकायला पटतो. माझ्या मते याइतका घातक उपाय दुसरा नाही.

पायांखाली होणारं नुकसान माणसांच्या संख्येच्या प्रमाणात वाढत नाही. अस्पर्श जमिनीवरून पहिली काही डझन माणसं गेली की झाडोऱ्याची बरीचशी हानी होऊन जाते. नंतर हजार गेली तरी भर थोडीच पडते, कारण तुडवायला उरलेलंच कमी असतं. ती हजार माणसं एका पक्क्या वाटेवरून गेली तर एक पट्टा जातो. दहा नव्या जागी शंभर-शंभर पाठवली तर दहा पट्टे जातात. अमेरिकेतल्या आर्चेस आणि कॅन्यनलँड्स या वाळवंटी राष्ट्रीय उद्यानांमध्ये वाळूवर सायनोबॅक्टेरिया (प्रकाशावर अन्न बनवणारे सूक्ष्म जीवाणू), शेवाळ आणि दगडफुलांचा काळपट, खडबडीत पापुद्रा असतो. वाळू धरून ठेवतो तोच, जमिनीला नायट्रोजन देतो तोच. त्यावर बुटाचा ठसा उमटला की तो पूर्ववत व्हायला कित्येक दशकं लागू शकतात.

त्यात हंगामाची वेळ वाईट. उंच डोंगरांत बर्फ वितळून माती चिंब असते, रोपं नुकती वर येत असतात, तेव्हाच माणसं येतात. चिखल दिसला की जो तो कडेने जातो, मग कडाही चिखल होते, आणि हातभर वाट बघता बघता गाडीवाटेएवढी रुंद होते. म्हणून चिखलातून सरळ चाला, बूट भरू देत. व्यवस्थापनाचं काम याहून मोठं: वाटेला बाहेरच्या अंगाला किंचित उतार द्यायचा, पाणी बाजूला काढायला तिरके दगडी अडसर बसवायचे, दलदलीवर फळ्यांची वाट टाकायची. अडसरांमागचा गाळ हंगामाआधी उपसला नाही तर पाणी त्यांच्यावरून उडी मारतं आणि वाटेचाच ओहोळ होतो. हे काम कुणाला दिसत नाही, म्हणून निधीत पहिली कात्री यालाच लागते. याचा मला खरोखर राग येतो.

शौचालयांचंही तेच. सेप्टिक टाकी वर्षाच्या सरासरीवर बांधली आणि गर्दी दोन महिन्यांत आली, तर मैला तळाशी बसायला वेळच मिळत नाही. घनभाग पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातो, खड्डा तुंबतो, सांडपाणी जवळच्या झऱ्यात उतरतं. टाकी गर्दीच्या दिवसांच्या हिशेबानेच हवी आणि हंगामाआधी उपसलेली हवी.

थायलंडची माया बे ही खाडी गर्दीमुळे जून 2018 मध्ये बंद केली आणि जानेवारी 2022 मध्ये उघडली. मधल्या काळात काळ्या टोकाच्या पंखांचे शार्क उथळ पाण्यात परतले. उघडताना माणसांची संख्या तर बांधलीच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे होड्यांना खाडीत मज्जाव केला. त्या आता मागच्या बाजूच्या धक्क्याला लागतात, तिथून लोक चालत येतात. नांगर प्रवाळावर पडायचे थांबले.

उद्यान कधी उघडायचं हेही तारखेवर नको, मातीवर ठरवा. वाटेवरची मूठभर माती दाबल्यावर पाणी सुटत असेल तर ती वाट अजून आठवडाभर बंद ठेवा. आणि कुणी न पाहिलेला धबधबा सापडला तर फोटो खुशाल टाका, नेमकं ठिकाण मात्र टाकू नका. तिथे ना वाट असते, ना फळ्या, ना शौचालय.