भराव मुरू द्या, घाई नको

इसानमधल्या, म्हणजे ईशान्य थायलंडमधल्या, प्लॉटवर भराव टाकून लगेच उंच खांबांवरच्या थाई लाकडी घराचे खांब उभे करायचा तुमचा प्लॅन वाचला आणि राहवलं नाही, प्लीज एक पावसाळा तरी ती माती मुरू द्या, भातखाचरावरचा भराव दबतोच आणि एक खांब खचला की अख्खं घर तिरकं. तळं खणून तीच माती वापरताय ते मस्त, फक्त वरचा सुपीक थर आधी बाजूला काढून ठेवा, खालच्या चिकणमातीत झाडं धरत नाहीत.

नवं सागवान शोधत बसू नका. 1988 च्या पुरानंतर 1989 मध्ये थायलंडने नैसर्गिक जंगलातली व्यावसायिक लाकूडतोडच बंद केली, म्हणून लोक जुनी घरं विकत घेऊन, सुटी करून परत उभारतात. बँकॉकमधलं अमेरिकन रेशीम व्यावसायिक जिम थॉम्पसन यांचं घर असंच सहा जुन्या घरांचं बनलंय.

आणि घराखालची, खांबांमधली मोकळी जागा, थाई भाषेत ताई थुन, भिंती घालून बंद करू नका हो, दुपारचा सगळा संसार तिथेच चालतो! देवचाफा मात्र शेजाऱ्यांना विचारून लावा, त्याचं जुनं थाई नाव लानथोम हे दुःखाच्या थाई शब्दासारखं ऐकू येतं म्हणून घराजवळ लावत नसत, आता लीलावदी म्हणतात तर बरेच जण लावतात.