‘खेळणं’ म्हणालात म्हणून

नमस्कार. हिमयुगातल्या अचानक बदलांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "दोन डब्यांचं खेळणं घेऊन हिमयुग कळत नसतं. यात वारा नाही, समुद्रावरचा बर्फ नाही. सोलापूरच्या उन्हात बसून ग्रीनलँडवर लिहिण्याआधी जरा वाचा."

आधी माझी चूक. ग्रीनलँड दर वेळी १६ अंशांनी तापलं, असं मी लिहिलं होतं. खरं तर ८ ते १६ अंश. दुरुस्ती केली आहे.

पण ‘खेळणं’? समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेलने १९६१ साली मांडलेलं मॉडेल आहे हे, समुद्राचे दोन भाग म्हणजे दोन डबे असं धरून. एका डब्यात दक्षिणेकडचं उबदार, खारं पाणी, दुसऱ्यात ध्रुवाकडचं थंड, कमी खारं. थंडीने पाणी जड होतं, गोडं पाणी मिसळलं की हलकं होतं. दक्षिणेची ऊब उत्तरेला नेणारा समुद्राचा प्रवाह चालतो तो या ओढाताणीवर. तो मंदावला की दक्षिणेचं मीठ कमी पोचतं, आणि मीठ घटलं की तो आणखी मंदावतो. म्हणूनच गोडं पाणी तेवढंच येत असतानाही प्रवाहाच्या दोन निराळ्या अवस्था टिकू शकतात, मधे थांबायला जागाच नसते. शेवटच्या हिमयुगात ग्रीनलँड असं पंचवीसेक वेळा तापलं, तेही काही दशकांत. हळूहळू रेटलेली गोष्ट एकदम कशी उलटते, हे शंभर घटकांच्या गर्दीत दिसत नाही हो. दोन डब्यांत दिसतं.

मी २८ वर्षं इथे शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. सामानाला पैसे मागितले की व्यवस्थापन म्हणायचं, फळ्यावर काढून दाखवा. मग मी स्टीलची फूटपट्टी घ्यायचो. दोन्ही टोकांनी दाबली की ती एका अंगाला फुगते. त्या फुगवट्यावर बोटाने रेटत जायचं. बराच वेळ ती नुसती कणाकणाने सरकते, आणि मग टक्कन पलीकडे! बोट काढलं तरी परत येत नाही. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याचा एक पोरगा मागच्या बाकावरून ओरडला होता, "सर, आता उलट्या बाजूनं रेटावं लागतंय की!" स्टॉमेलच्या समीकरणांतलं मर्म त्या पोराला पट्टीवर सापडलं. त्या पट्टीतही वारा नव्हता, बर्फ नव्हता. तिलाही खेळणंच म्हणणार का?

वारा आणि समुद्री बर्फाचं तुमचं म्हणणं असू दे, त्यावर पुन्हा कधी लिहीन.

आणि ऊन. मे महिन्यात पारा ४३ वर असताना, वीज गेलेली असताना, ओला पंचा मानेवर टाकून तो लेख लिहिला आहे. न वाचता मी एक ओळ लिहीत नाही. तुम्ही मात्र माझा लेख शेवटपर्यंत वाचलेला दिसत नाही, कारण मॉडेलच्या मर्यादा शेवटच्या दोन परिच्छेदांत मीच लिहिल्या आहेत. ते वाचा, आणि पुढच्या वेळी ‘निनावी’ नको, नाव घालून लिहा.