‘शॉर्ट’ फायनल ड्राइव्हचा हट्ट

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या कोणत्याही ताकदवान गाडीत ४.० ऐवजी ४.७ ची फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सनंतरची शेवटची दातेरी जोडी; आकडा मोठा म्हणजे ‘शॉर्ट’, जोर जास्त पण प्रत्येक गिअरचा वेग कमी) बसवावी, सगळ्या गिअरमधले अंतर (म्हणजे गुणोत्तरांतला फरक) सारखे ठेवावे आणि सहावा गिअरही ‘दमदार’ असावा, असे सांगणारा संदेश मला याआधी दोघांनी पाठवला होता. काल भाचा तोच दाखवून फायनल ड्राइव्हचा नवा सेट मागवायला निघाला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

त्याच्याच गाडीचे आकडे घेऊ. टॉर्क (इंजिनाचा पीळ) ४०० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.५, फायनल ड्राइव्ह ४.० आणि चाकाची त्रिज्या ३१ सेंटीमीटर धरली, तर पहिल्या गिअरमध्ये चाकांवर सुमारे १८,००० न्यूटन जोर येतो. गाडीचे वजन १,३०० किलो, त्यातले ६० टक्के पुढे. पण वेग घेताना भार मागे सरकतो, त्यामुळे चांगल्या टायरांवरही पुढची दोन चाके मिळून जेमतेम ६,४०० न्यूटन रस्त्यावर उतरवू शकतात. म्हणजे जवळजवळ तिप्पट जोर आजच उपलब्ध आहे आणि तो टायर जाळण्यापलीकडे कामाचा नाही. दुसऱ्या गिअरमध्येही (२.०) दहा हजारांहून अधिक न्यूटन येतात. अशा गाडीत ४.७ बसवून साधणार काय, तर पहिल्याचा जोर २१,००० वर जाईल आणि स्टीअरिंग हातातून आणखी ओढले जाईल. एलएसडीचा (एका चाकाला मोकळे फिरू न देणाऱ्या डिफरन्शियलचा) उतारा इथे चालत नाही. ती जोर दोन चाकांत वाटते, पकड निर्माण करत नाही. शिवाय ६,५०० आरपीएमला दुसरा गिअर आज ९५ किमी वेगापर्यंत जातो, तो ८१ लाच संपेल.

संदेशात होंडा इंटेग्रा टाइप आरचा दाखला आहे, आणि तो खोटा नाही: जपानी बाजारातल्या त्या गाडीची फायनल ड्राइव्ह १९९८ मध्ये ४.४ वरून ४.७८५ झाली. मात्र ते टर्बो नसलेले १.८ लिटरचे इंजिन होते, टॉर्क १९० न्यूटन-मीटरच्या आत आणि खरी ताकद ८,००० आरपीएमच्या आसपास. तिथे ते शोभले.

समान अंतराबद्दल फार बोलायला नको. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून वरच्या गिअरमधले अंतर कमी असावे लागते. खालच्या गिअरमध्ये जोर उतू जात असताना अंतर मोठे असले तरी बिघडत नाही.

‘दमदार’ सहावा (०.८) ४.७ सोबत ताशी १०० किमीला ३,२०० आरपीएम मागतो, तोही रोज वापरायच्या गाडीत. सेट घ्यायचाच असेल तर ३.७ चा घे, म्हणजे दुसराच गिअर शंभर ओलांडेल, असे मी भाच्याला सांगितले आहे. त्याआधी टायर बदल, हेही.