लाल इशारा आणि बाळ्याचा प्रश्न

वादाला तोंड फोडलं बाळ्यानं. कट्ट्यावर टेकायच्या आधीच त्यानं मोबाईल सगळ्यांसमोर धरला.

"बघा, हवामानाचा इशारा परत लाल! मागच्या आठवड्यातपण लाल होता. काय झालं? मी गाडी नेली, माल उतरवला, परत आलो. हे लोक रोजच लांडगा आला म्हणून ओरडणार, आणि आम्ही रोजच गाड्या उभ्या करायच्या का?"

बाळ्या लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. बर्फाचे रस्ते त्यानं आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त पाहिलेत, त्यामुळे त्याचं बोलणं उडवून लावता येत नाही. पण मास्तरांनी आयुष्यभर भूगोल शिकवलाय, ते लगेच सरसावले.

"तुला काही झालं नाही, म्हणून इशारा खोटा ठरत नाही बाळ्या. वादळाची शक्यता सत्तर टक्के, याचाच अर्थ दहातल्या तीन वेळा ते येणार नाही. त्या तीन वेळा अंदाज चुकला असं नसतं. आणि रंग काही नुसता थर्मामीटर बघून देत नाहीत. ब्रिटनच्या हवामान खात्यानं 2011 पासून पद्धतच बदलली. आता ते दोन गोष्टी एकत्र बघतात. एक म्हणजे घडण्याची शक्यता किती, आणि दुसरी, घडलंच तर लोकांचं नुकसान किती. शक्यता कमी असेल पण घडल्यावर हाहाकार होणार असेल, तरी इशारा निघतो."

"हे मला कोणी सांगितलं? मला फोनवर रंग दिसतो आणि आकडा दिसतो. उणे दहा. उणे दहात मी शंभरदा गेलोय."

"वारा किती होता?"

"ते कोण बघतं?"

इथे मास्तर थांबणार नव्हते. ते म्हणाले, "तेच बघायचं असतं! उणे दहाला तासाला 30 किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या चेहऱ्याला ते उणे वीससारखं लागतं. अंगाभोवती आपल्याच उबेचा एक पातळ थर असतो, वारा तो सारखा उडवून नेतो. हे पहिल्यांदा नीट मोजलं ते अंटार्क्टिकात. सायपल आणि पॅसल नावाचे दोघं संशोधक होते. त्यांनी पाण्यानं भरलेली प्लॅस्टिकची नळी खांबावर टांगली आणि वेगवेगळ्या वाऱ्यात ती गोठायला किती वेळ लागतो ते बघितलं. 1945 मध्ये ते छापून आलं. आताचं सूत्र 2001 चं आहे, ते माणसांच्या चेहऱ्यावर प्रयोग करून बसवलंय."

मला यात एक भर घालावीशी वाटली, कारण इथे बरेच जण फसतात. वाऱ्यामुळे वस्तू लवकर गार होते, पण हवेपेक्षा गार होत नाही. हवा दोन अंशांवर असेल, तर वाऱ्यानं 'उणे पाच' वाटलं तरी नळातलं पाणी त्यामुळे गोठणार नाही. 'जाणवणारं तापमान' हे माणसाच्या उघड्या कातडीसाठी असतं.

बाळ्या ऐकत होता, पण त्याचा राग उतरला नव्हता. "मास्तर, तुमचं सगळं खरं. पण मला रस्त्यावर काय मारतं सांगू? थंडी नाही. काचेसारखा पातळ बर्फ. रस्ता नुसता ओला वाटतो. पुढच्या गाडीच्या चाकातून पाणी उडायचं थांबलं की समजायचं, आता खाली पाणी नाही. आणि पूल आधी गोठतो, कारण त्याला वरूनही वारा आणि खालूनही. हे तुमच्या इशाऱ्यात असतं का? 'प्रवास टाळा' एवढंच असतं. टाळा म्हणे! मालक म्हणतो गाडी काढ. मी कोणाचं ऐकू?"

यावर कट्टा गप्प झाला. मला वाटतं, त्या संध्याकाळचा खरा प्रश्न हाच होता.

मी त्याला बफेलोची गोष्ट सांगितली. अमेरिकेतलं हे शहर मोठ्या सरोवराच्या काठावर आहे, बर्फाची त्याला चांगली सवय आहे. डिसेंबर 2022 मध्ये नाताळच्या तोंडावर तिथे हिमवादळ आलं. अंदाज कित्येक दिवस आधी अचूक आला होता. पण गाड्या चालवायला बंदी लागू झाली ती शुक्रवारी सकाळी साडेनऊला, आणि जाहीर झाली ती त्याच्या तासाभर आधीही नाही. तोवर लोक कामावर पोचले होते. परतताना समोरचं दिसेना, गाड्या रुतल्या, काही जण गाडीतच मेले. वादळ दीड दिवसाच्या आसपास टिकलं. मदतीला निघालेल्या गाड्याही अडकल्या. त्या एका काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, चाळीसहून जास्त माणसं मेली.

"म्हणजे इशारा बरोबर होता," बाळ्या सावकाश म्हणाला.

"इशारा बरोबर होता. 'कामावर येऊ नका, पगार कापणार नाही' हे सांगणारं कोणी नव्हतं."

मास्तरांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, माणसाला स्वतःची अक्कल आहे, सरकारनं दरवाजाला कुलूप लावायची वाट का बघायची? मी त्यांच्याशी भांडलो, आणि आजही भांडेन. ज्याचं पोट रोजच्या फेरीवर आहे त्याला 'बाहेर पडू नका' असं सांगणं म्हणजे जबाबदारी त्याच्या डोक्यावर टाकून मोकळं होणं आहे. निर्णय वरून आणि वेळेत यायला हवा. रात्री जाहीर झाला तर सकाळची पाळी थांबते. सकाळी नऊला जाहीर झाला तर माणसं रस्त्यावर असतात.

मग मास्तरांनीच एक जुनी गोष्ट काढली, आणि ती माझ्या बाजूची निघाली. 12 जानेवारी 1888. अमेरिकेच्या मधल्या सपाट मुलखात सकाळी चांगली उबदार हवा होती. मुलं जाड कपडे न घालताच शाळेत गेली. तेव्हा हवामानाचं काम लष्कराकडे होतं, थंडीच्या लाटेसाठी पांढरं निशाण असायचं, मधोमध काळा चौकोन. पण निशाण शहरातल्या खांबावर, आणि शेतं कोसाकोसावर विखुरलेली. काही मिनिटांत बर्फाची भिंत आली. मेलेल्यांचा आकडा साधारण 235 सांगतात, त्यात शाळेतून घरी निघालेली मुलं बरीच होती.

"निशाण होतं, पण कोणाला दिसलं नाही," नंदाताई म्हणाल्या. इतका वेळ त्या गप्प होत्या. ताई इस्पितळात अपघात विभागात परिचारिका आहेत, आणि हिवाळ्यात त्यांच्याकडे काय येतं ते त्या सहसा बोलत नाहीत.

"तुम्ही सगळे रस्त्याचं बोलताय. माझ्याकडे घरातून आणलेली माणसंपण असतात."

त्यांनी आधी गारठलेल्या म्हाताऱ्यांचं सांगितलं. शरीराच्या आतलं तापमान 35 अंशांच्या खाली गेलं की माणूस अडखळतो, बोलताना शब्द ओढतो, हातातून वस्तू सुटतात. लोकांना वाटतं प्यायलाय, म्हणून झोपू देतात. आणि कुडकुडणं थांबलं की घरचे म्हणतात, आता बरं वाटतंय. "तिथेच घात होतो. कुडकुडणं थांबणं म्हणजे शरीरानं हात टेकले. तेव्हा ओले कपडे काढायचे, छाती-पोटाला ऊब द्यायची, ताबडतोब मदत बोलवायची. दारू द्यायची नाही. दारूनं कातडीखालच्या शिरा उघडतात, ऊब वाटते, आणि आतली ऊब निघून जाते. बोटं पांढरी पडून बधिर झाली तर चोळायची नाहीत, बर्फानं तर नाहीच."

"आणि शेगडी," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना माहीत आहे. काही वर्षांपूर्वी थंडीच्या रात्री आम्ही घरातल्यांनी कोळशाची शेगडी खोलीत घेतली आणि दार-खिडक्यांच्या फटींना कापडं लावली. पहाटे आईला उलटी झाली, माझं डोकं ठणकत होतं, धाकट्याला उठवून उठेना. मी दार उघडलं ते केवळ उलटी पुसायला फडकं आणायचं म्हणून. त्या दारानं आम्ही वाचलो. आठवडाभर आधीपासून थंडीचे इशारे येत होते, आणि 'ऊबदार राहा' एवढंच त्यात होतं. आम्ही तेच करत होतो.

ताईंनी उरलेलं सांगितलं. कोळसा, लाकूड, जनरेटर, गाडीचं इंजिन, काहीही जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, मग झोप. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासमध्ये थंडीत वीज गेली, लाखो घरं अंधारात. लोकांनी घरात निखारे पेटवले, बंद गॅरेजमध्ये गाड्या चालू ठेवल्या. त्या वादळात सरकारी हिशोबानं 246 माणसं मेली. निम्म्याहून जास्त गारठून, पण काही या वायूनं. "जनरेटर घरापासून सहा मीटर तरी लांब हवा. बर्फात गाडी अडकली तर इंजिन चालू करायच्या आधी मागच्या नळीपुढचा बर्फ काढायचा, नाहीतर धूर आत येतो. इशारा देणाऱ्यांनी थंडीचा आकडा लिहिला की त्याच्याखाली हे लिहिलंच पाहिजे. वीज जाईल हे त्यांना आदल्या दिवशी कळतं, मग माणसं काय पेटवतील हेही कळायला हवं."

बाळ्या एकदम उठला.

"ताई, बंद गाडीत शेगडी असेल तर? केबिनमध्ये?"

"कोण आहे केबिनमध्ये?"

त्यानं उत्तर दिलं नाही, नंबर लावला. रिंग बराच वेळ वाजली. आम्ही सगळे उभे राहिलो होतो. पलीकडून पोरगा झोपेत काहीतरी बोलला.

"उठ. आधी उठ. शेगडी पेटलीये का? … दार उघड. पूर्ण. … थंडी वाजू दे. काच खाली करून चालणार नाही, शेगडीच बाहेर काढ. आधी तू बाहेर ये. डोकं दुखतंय का? … किती वेळापासून?"

नंदाताईंनी हात पुढे करून फोन मागून घेतला.